कठोर कुणाला म्हणायचे?

मराठी माणसाला कडकपणाचे मोठे कौतुक. चहा कडक हवा, इस्त्री कडक हवी, सोलापूरकडची भाकरीसुद्धा कडक असली तर घरी येताना चार पाकिटे जास्त घेतली जातात. ‘आमचे मास्तर काय कडक होते म्हणून सांगू!’ असे म्हणताना साठी उलटलेल्या गृहस्थांचा आवाज अभिमानाने भरून येतो. पण लेकीसाठी स्थळ सांगून आले आणि मध्यस्थाने हळूच ‘सासू जरा कडक आहे हं’ असे कानात सांगितले, की त्याच गृहस्थांच्या हातातला कडक चहा पेल्यातच निवत राहतो. मास्तर आपल्या वाट्याला येऊन गेलेले असतात आणि सासू लेकीच्या वाट्याला यायची असते, एवढाच काय तो फरक!

कडक या शब्दाचा असा दुहेरी व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र ‘कठोर’ म्हटले की सूर बदलतो. ‘आमचे मास्तर कठोर होते’ असे कुणी अभिमानाने सांगत नाही. सांगितलेच तर त्यामागे कुठेतरी दुखरी जागा असते. घरात वडिलांनी काही निर्णय दिला आणि आई नुसते एवढेच म्हणाली, की ‘फार कठोर झालात तुम्ही,’ तर वडील क्षणभर थबकतात. ‘कडक’ म्हटल्याने थबकले नसते, उलट मिशीवरून हात फिरवला असता. असे काय आहे या शब्दात?

आपल्या भाषेत या जातीच्या शब्दांची एक उतरंडच लावलेली आहे. करडा, कडक, सक्त, परखड, कठोर, निष्ठुर, निर्दय, क्रूर. प्रत्येकाचे काम वेगळे. करडी असते ती नजर. परखड असते ते बोलणे. सक्त असते ती ताकीद. निष्ठुर म्हटले, की त्या माणसाला माया नाही असे आपण सांगतो. क्रूर म्हटले, की त्याला दुसऱ्याच्या दुःखात सुख वाटते असाच आरोप झाला. कठोर हा शब्द बरोबर मध्ये बसला आहे. तो माणसाला वाईट ठरवत नाही. त्याने जे केले ते कुणावर तरी फार जड पडले, एवढेच तो सांगतो. ते जडपण आवश्यक होते की नव्हते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

याची एक साधी परीक्षा आहे, वाचकांनी ती घरीच करून पाहावी. ‘निर्णय कठोर होता, पण योग्य होता’ हे वाक्य म्हणून पाहा. जिभेला कुठे अडत नाही. आता ‘निर्णय क्रूर होता, पण योग्य होता’ असे म्हणून पाहा. ‘पण’पाशी जीभ अडखळते. म्हणजे भाषेलाही ठाऊक आहे, की कठोर म्हटल्याने खटला संपत नाही. तो तिथून उभा राहतो.

तेव्हा माझे म्हणणे असे, की कुणाच्या कृतीला किंवा निवाड्याला कठोर म्हणणे म्हणजे त्याला दोषी ठरवणे नव्हे, त्याच्याकडे कारण मागणे होय. ज्याने दुसऱ्यावर जड भार टाकला, त्याने तो का टाकला हे सांगावे, अशी ती मागणी असते. ही मागणी पुरी झाली तर कठोर कृतीलाही लोक मान देतात. ती झिडकारली गेली, की तोच शब्द हळूहळू उतरंडीत खाली सरकतो. कठोराचा निष्ठुर होतो आणि निष्ठुराचा क्रूर.

ही गोष्ट काही मला आज सुचलेली नाही. बाराशे वर्षांपूर्वी ती आपल्या विदर्भातल्या एका नाटककाराला नेमकी ठाऊक होती. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे नाटक सीतात्यागाच्या नंतरचे आहे. त्याच्या दुसऱ्या अंकात वासंती नावाची वनदेवता आत्रेयीशी बोलते आहे. रामाने सीतेला तर टाकले, पण यज्ञासाठी दुसरी पत्नी न करता तिचीच सोन्याची प्रतिमा शेजारी बसवली, हे ऐकून वासंती थक्क होते. मोठ्यांची मने एकाच वेळी वज्राहून कठोर आणि फुलाहून कोमल कशी असतात, असे नवल ती करते. या उद्गारावर आजवर किती व्याख्याने झाली असतील, किती सत्कारसमारंभांत तो उत्सवमूर्तींना चिकटवला गेला असेल, याची गणती नाही.

पण पुढे काय होते ते सत्कारात कुणी सांगत नाही. तिसऱ्या अंकात हीच वासंती प्रत्यक्ष रामासमोर उभी राहते. दुरून ऐकताना जे तिला थोर वाटले होते, त्याचा आता ती त्याच्या तोंडावर जाब विचारते. ‘कठोर’ हाच शब्द ती त्याला हाक मारल्यासारखा वापरते आणि विचारते, की तुला कीर्ती प्रिय होती ना, मग याहून मोठी अपकीर्ती ती कोणती? असे का केलेस? राम म्हणतो, लोकांना सहन होईना. ती पुन्हा विचारते, का सहन होईना? राम म्हणतो, ते त्यांनाच ठाऊक.

या दोन ओळींच्या सवालजबाबात मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. रामाने दुःख भोगले नाही असे वासंती म्हणत नाही. त्याचे दुःख तिला दिसते आहे, सगळ्या रंगभूमीला दिसते आहे. पण सोसले म्हणजे कारण दिले असे होत नाही. जिच्यावर भार पडला तिला ऐकून घेतले गेले नव्हते, आणि तो का टाकला याचे उत्तर शोधायला गेले तर ते ‘लोक’ नावाच्या धुक्यात हरवून जाते. कठोरपणा खुपतो तो इथे.

आणि भवभूतीची खरी थोरवी पुढेच आहे. सीता त्या प्रसंगात अदृश्य रूपाने तिथेच उभी आहे, सारे ऐकते आहे. आपली बाजू कुणीतरी घेतली म्हणून तिला बरे वाटावे. पण ती म्हणते, की आधीच जळणाऱ्याला आणखी पेटवणारी वासंती, तूच कठोर आहेस! म्हणजे कठोर म्हणणाऱ्यावरही तोच शब्द उलटू शकतो. या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे.

नाटकातून थेट न्यायालयात जाऊ. कारण कारण मागण्याची ही गोष्ट आपल्या कायद्याने फार ठळकपणे लिहून ठेवली आहे, आणि सर्वसाधारण वाचकाला ती क्वचितच सांगितली जाते.

इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद होती, की ज्या गुन्ह्याला फाशी देता येते अशा गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशीऐवजी दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याचे कारण त्याने निकालात नोंदवावे. नीट वाचावे. कारण द्यायचे ते जीव वाचवला तर. जीव घेतला तर वेगळे काही सांगण्याची गरज नाही. फाशी हा रिवाज आणि दया हा अपवाद. स्वतंत्र भारताने १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. मग १९७३ ची नवी संहिता आली आणि तिने तराजू पुरता उलटा केला. फाशी दिली तर ‘विशेष कारणे’ नमूद केलीच पाहिजेत, असे तिने बजावले. शिवाय आणखी एक गोष्ट केली. आरोपी दोषी ठरला, की शिक्षा सुनावण्यापूर्वी शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे, असा नियम घातला. गुन्हा केलास हे ठरले, आता तुला काय सांगायचे आहे ते सांग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही या दोन्ही गोष्टी राखल्या आहेत.

पंचाहत्तर वर्षांत कायद्याने केलेला हा प्रवास मला फार मोठा वाटतो. कायद्यातून फाशी गेली नाही. ती आजही आहे. बदलले ते एवढेच, की कारण देण्याची जबाबदारी मऊ हाताकडून कठोर हाताकडे गेली. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि दुसरा कोणताही पर्याय निःसंशय बंद झालेला असेल तेव्हाच द्यावी, असे सांगितले. पाच न्यायमूर्तींपैकी न्यायमूर्ती भगवती यांचे मत वेगळे पडले. त्यांना फाशीच घटनाबाह्य वाटली. म्हणजे फाशी योग्य की अयोग्य यावर मतभेद होता. पण फाशी देणाऱ्याने कारण द्यावे यावर मतभेद नव्हता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, मिठू खटल्यात दंडसंहितेचे ३०३ वे कलम न्यायालयाने रद्द केले. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर त्याला फाशीच, दुसरी शिक्षा नाही, असे ते कलम सांगत होते. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठापुढे प्रश्न आला, तेव्हा अडचण शिक्षेच्या जडपणाची नव्हती. खुनाला फाशी तर ३०२ व्या कलमातही होती. अडचण अशी, की या कलमात न्यायाधीशाला समोरच्या माणसाकडे पाहण्याचीच मुभा नव्हती. त्याने खून कोणत्या परिस्थितीत केला, त्याला कुणी डिवचले होते का, काही विचारायचे नाही. विचारून उपयोगच नाही, कारण उत्तर आधीच छापलेले! नव्या न्याय संहितेत अशा गुन्ह्याला फाशी किंवा मरेपर्यंत कारावास असे दोन पर्याय आहेत. जिथे पर्याय आहे तिथेच विचारणे आहे, आणि जिथे विचारणे आहे तिथेच कारण आहे.

कठोर न्यायाधीश म्हटले की मराठी मनात एकच नाव उभे राहते, ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीवर त्यांचे चुलते रघुनाथराव बसले. ‘ध’चा ‘मा’ करण्याची दंतकथा घरोघरी माहीत आहे. शास्त्रीबुवांनी या प्रकरणाचा शोध घेतला, रघुनाथरावांचा हात त्यात आहे अशी खात्री करून घेतली आणि राज्याच्या धन्यालाच समोरासमोर सांगितले, की याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. मग पद सोडून ते पुण्याबाहेर, वाईजवळच्या खेड्यात निघून गेले. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ही हकिकत नोंदली, १९४४ मध्ये ‘प्रभात’ने तिच्यावर चित्रपट काढला आणि ती महाराष्ट्राच्या हाडीमासी खिळली.

आता गंमत पाहा. यापेक्षा कठोर निवाडा तो कोणता? तरीही रामशास्त्र्यांना ‘कठोर’ म्हणून कुणी नाव ठेवत नाही. आपण त्यांना निःस्पृह म्हणतो, निर्भीड म्हणतो. का? मला तीन कारणे दिसतात. एक, त्यांनी आधी चौकशी केली आणि मग तोंड उघडले. दोन, जे सांगायचे ते दोषी माणसाच्या तोंडावर सांगितले, कारणासकट सांगितले. आणि तीन, त्या निवाड्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. रघुनाथरावांनी काही देहान्त प्रायश्चित्त घेतले नाही. पद मात्र शास्त्रीबुवांचे गेले. पुढे बारभाईंच्या कारभारात ते सन्मानाने परत आले, हा भाग वेगळा. निघून जाताना परत येण्याची हमी त्यांना कुणी दिलेली नव्हती.

थोडक्यात, त्यांचा कठोरपणा वरच्या दिशेने चालला. आपला बहुतेकांचा कठोरपणा खालच्या दिशेने उतरतो. साहेबाने सुनावलेले कारकून शिपायावर काढतो, शिपाई घरी जाऊन बायकोवर काढतो, बायको पोरावर काढते आणि पोर मांजराला लाथ मारते. या साखळीत जो तो स्वतःला ‘शिस्तीचा’ म्हणवतो. वर बोलायचे तर शंभर पुरावे गोळा करतो, शब्द जपून वापरतो, दोन वेळा मसुदा बदलतो. खाली बोलताना कारणाची गरजच वाटत नाही. पण वासंतीचा प्रश्न तिथेच विचारायला हवा.

आमच्या सोसायटीत मागे एका सभेत याचा अनुभव आला. रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीवर झोपलेला सापडला, त्या रात्री खालच्या दोन सायकली चोरीला गेल्या. त्याला उद्यापासून काढून टाकावे असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. सभेचा रंग ‘नियम म्हणजे नियम’ असा होता, आणि सायकली गेलेल्यांचे नुकसान खरे होते. तळमजल्यावरच्या काकू एवढेच म्हणाल्या, ‘जरा कठोर होतंय असं नाही वाटत?’ झाले! सगळी सभा काकूंवर उलटली. ‘मग काय बक्षीस द्यायचं त्याला?’ ‘तुमची सायकल गेली असती म्हणजे?’ ‘अशानंच डोक्यावर बसतात ही माणसं.’ सौम्य बोलणाऱ्या काकूंनी कारणे द्यायची, आणि माणसाची भाकरी काढणाऱ्यांनी काहीच द्यायचे नाही! १८९८ ची संहिता आमच्या गच्चीवर अजून लागू होती.

काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘मी त्याला ठेवा म्हणत नाही. त्याला विचारलंत का, एवढंच म्हणते.’ कुणी विचारले नव्हते. मग त्याला वर बोलावले. तो म्हणाला, दिवसपाळीचा माणूस गावी गेलाय, तीन दिवस मी दोन्ही पाळ्या करतोय, तुमच्या एजन्सीला सांगितलं होतं. कुणीतरी एजन्सीला फोन लावला, ते खरे निघाले. शेवटी त्याला रात्रपाळीवरून काढलेच, कारण दोन्ही पाळ्या करतोय हे त्याने सोसायटीला सांगायला हवे होते. पण नोकरी गेली नाही, तो दिवसपाळीवर आला आणि सायकलींचा हिशेब एजन्सीशी झाला. सभा संपताना सेक्रेटरी काकूंना म्हणाले, ‘तुमचं ऐकलं बरं का आम्ही.’ काकू म्हणाल्या, ‘माझं नाही हो, त्याचं ऐकलंत.’

या प्रसंगातून सहानुभूतीचा धडा काढावा, असे माझे म्हणणे नाही. वॉचमनने खोटे सांगितले असते, तर त्याला काढायलाच हवे होते, आणि मग तो निर्णय कठोर असूनही कुणाला खुपला नसता. सांगायचे एवढेच, की विचारण्याआधी तो निर्णय कठोर की योग्य हे कुणालाच ठाऊक नव्हते, ठराव मांडणाऱ्यांनाही नव्हते.

घरात आणि शाळेत ही गोष्ट आणखी नाजूक होते, कारण तिथे ज्याच्यावर भार पडतो तो बोलायला लहान असतो. छडीचा महिमा गाणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. आता शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने, त्याच्या १७ व्या कलमाने, शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळणे या दोन्हींना बंदी केली आहे. तरी ‘आम्ही मार खाल्ला म्हणून माणसं झालो’ हे वाक्य लग्नाच्या प्रत्येक पंगतीत ऐकू येते. मार न खाता माणसे झालेली माणसेही त्याच पंगतीत जेवत असतात, पण त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

या ठिकाणी कुणीतरी ‘श्यामची आई’ पुढे करणार, हे मला ठाऊक आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, हे खरेच आहे. पण ते प्रकरण मारावर संपत नाही, हे विसरू नये. आई नंतर त्याला जवळ घेऊन आपण का मारले ते सांगते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सहन होण्यासारखे नव्हते. त्या मुलाला मोठेपणी तुरुंगात बसून आठवले ते काय? नुसते वळ आठवले असते तर ते पुस्तक झाले नसते. आज कुणी त्या माराचे समर्थन करू नये, मीही करणार नाही. परंतु श्यामच्या आईची साक्ष काढणाऱ्यांनी ती पुरी काढावी. अर्धा प्रसंग मारणाऱ्या हाताचा आहे आणि अर्धा कारण सांगणाऱ्या तोंडाचा. आपल्याकडे पहिला अर्धाच वारसाहक्काने चालत आला.

नापास करण्याचा वादही असाच. २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले, कारण दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर नापासाचा शिक्का मारणे कठोर वाटले. काही वर्षांनी उलट ओरड सुरू झाली, की वाचता न येणाऱ्या मुलाला वर ढकलत नेऊन नववीत एकदम उघडे पाडणे हेच जास्त कठोर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मुभा सरकारांना दिली; पण आधी जादा शिकवणी द्यायची, दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, आणि त्यानंतरही जमले नाही तरच. कुणाची बाजू बरोबर हे शिक्षणतज्ज्ञ सांगोत. मला एवढेच दिसते, की दोन्ही बाजूंनी ‘कठोर’ हाच शब्द वापरला, आणि दोन्हींच्या ओढाताणीतून निघाले ते एक दार, दुसऱ्या संधीचे. शब्दाने आपले काम केले.

आता सीतेच्या मुद्द्याकडे येतो. कठोर हा शब्द कारण मागतो हे खरे; पण तो मागणाऱ्यालाही काही देणे लागते. हल्ली कुठल्याही नकाराला कठोर म्हणण्याची सवय लागली आहे. कॉपी करताना पकडलेल्या मुलाचे वडील पर्यवेक्षकाला कठोर म्हणतात. सिग्नल तोडणारा पावती फाडणाऱ्या हवालदाराला कठोर म्हणतो. डॉक्टरने सिगारेट बंद करायला सांगितली, की डॉक्टर कठोर. कारण समोर लख्ख दिसत असताना पुन्हा कारण मागणे हा केवळ वेळ काढण्याचा प्रकार आहे. त्यातून होते असे, की खरोखर जिथे हा शब्द वापरायला हवा तिथे तो बोथट होऊन पोहोचतो.

काही ठिकाणी तर कारण देत बसायला सवडच नसते. जळत्या इमारतीतून लोकांना बाहेर काढणारा अग्निशमन दलाचा जवान दंडाला धरून ओढतो, दागिन्यांचा डबा घेऊ देत नाही. तो काही सभा घेऊन ठराव करणार नाही. पण आग विझल्यावर त्याला विचारले, तर तो एका वाक्यात कारण सांगतो. त्याच्या कठोरपणाला उत्तर उशिरा मिळते, पण मिळते. ज्याच्यापाशी आग विझल्यावरही उत्तर नसते, त्याच्याबद्दल शंका घ्यावी.

म्हणून कठोर म्हणणाऱ्याने आपल्यापुरत्या दोन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते. भार नेमका कुणावर पडला, आणि याहून हलक्या कोणत्या उपायाने तेच काम झाले असते. काकूंपाशी पहिल्याचे उत्तर होते, म्हणून सभेला थांबावे लागले. दुसऱ्याचे उत्तर नंतर सगळ्यांनी मिळून शोधले. यांपैकी एकही सांगता येत नसेल तर आपण ‘कठोर’ म्हणत नसून ‘मला आवडले नाही’ असे म्हणतो आहोत, हे मान्य करावे. त्यात कमीपणा नाही. फक्त तो वेगळा शब्द आहे.

आणि ज्याला कठोर म्हटले गेले त्याचे काय? त्याने रागावू नये, एवढे तरी करावे. आपल्याकडे या शब्दाला दोन ठराविक उत्तरे तयार असतात. एक, ‘नियम आहे.’ दुसरे, ‘तुझ्या भल्यासाठी.’ दोन्ही खरी असू शकतात, पण दोन्ही उत्तरे कारण देत नाहीत, कारण देण्याचे टाळतात. नियम का आहे? भले कसे होणार? हे पुढचे वाक्य जो बोलतो, त्याचा कठोरपणा ऐकणाऱ्याला पेलतो. जो तिथेच थांबतो, तो ‘ते लोकांनाच ठाऊक’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मुलगी रात्री उशिरा घरी आली म्हणून तिचा क्लास बंद करणारे वडील, दोन दिवस न सांगता राहिली म्हणून मोलकरणीचा पगार कापणारी गृहिणी, हाताखालच्या माणसाचा अर्ज न वाचता परत पाठवणारा अधिकारी, यांतले कुणीही खलनायक नाहीत. आपल्याच घरातली, आपल्याच बिऱ्हाडातली ही माणसे. त्यांचा निर्णय कदाचित बरोबरही असेल. फाशीच्या कैद्याला कायदा जेवढे देतो तेवढेच त्यांनी द्यावे: निर्णयापूर्वी दोन मिनिटे ऐकणे आणि निर्णयानंतर चार वाक्यांचे कारण. खुनाचा आरोप सिद्ध झालेल्या माणसाला जे मिळते, ते आपल्या लेकीला, आपल्या बाईंना, आपल्या कारकुनाला मिळू नये, हे काही बरे दिसत नाही.